पांढरीच्या टेकाडात जपण्यासारखे काय असते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या शिवारात नदीकाठी पांढरीचे टेकाड आहे आणि त्यावर संरक्षित स्थळाचा फलक लागला आहे. टेकाडाच्या एका अंगाला गुडघाभर उंचीचा, लांबच लांब बांधासारखा उंचवटा दिसतो आणि त्याला लागून सखल पट्टा जातो. जुनी माणसे त्याला तट म्हणतात. पाहणीला आलेल्या अभ्यासकांनी ही तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती असल्याचे सांगितले. पण वर देऊळ नाही, दगडी भिंत नाही, शिलालेख नाही. मग तिथे नेमके काय जपायचे? आणि लागून जमीन असलेल्या तुम्ही तिथे काय करावे, काय टाळावे?

माझी तीसेक वर्षे अशाच पांढऱ्यांवरच्या उत्खननाच्या खड्ड्यांत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुम्ही वापरलेल्या ‘पांढरी’ या शब्दाविषयी. पिकते ती काळी, वसते ती पांढरी, ही आपल्याकडची जुनी विभागणी. एकाच जागी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली की चुलीची राख, शेण, गोठ्यातला केरकचरा, चुना, हाडे, पडलेल्या भिंतींची माती असे सगळे थरावर थर साचत जाते. भोवतालच्या काळ्या रानात ती जागा फिकट आणि भुसभुशीत दिसू लागते. नांगर धरणाऱ्याला हा फरक पायाखाली कळतो. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांची गावे अशाच पांढऱ्यांत सापडली. तांबे त्यांना माहीत होते, पण ते दुर्मीळ. रोजची कापाकापी गारगोटीच्या जातीच्या दगडातून काढलेल्या धारदार पात्यांनी चाले. म्हणून या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात.

तुमच्या टेकाडात काय असू शकेल हे समजून घ्यायचे तर इनामगाव पाहावे लागेल. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेज या संशोधन संस्थेने १९६८ मध्ये तिथे उत्खनन सुरू केले आणि हंगामामागून हंगाम जवळजवळ दीड दशक ते चालवले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या तिघांच्या नावावर ते काम आहे. सविस्तर अहवाल १९८८ मध्ये आला. तोवर बहुतेक ठिकाणी विहिरीसारखा अरुंद, खोल खड्डा घेत आणि कुठल्या काळानंतर कुठला काळ आला एवढे ठरवत. इनामगावला आडवे उत्खनन झाले. शेजारी शेजारी खड्डे घेत मोठे क्षेत्र उघडले, त्यामुळे काळाबरोबर गावही दिसले. शंभराहून अधिक घरे, त्यांच्यामधल्या मोकळ्या वाटा, चुली, धान्याच्या कणग्या ठेवायच्या जागा, सगळे.

ही वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे टिकली. सुरुवातीला माळवा संस्कृतीचे लोक, मग पूर्व (म्हणजे आधीचे) जोर्वे, शेवटी उत्तर (म्हणजे नंतरचे) जोर्वे. जोर्वे हे नाव संगमनेरजवळच्या, प्रवराकाठच्या गावावरून आले. तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले होते. जोर्वेची भांडी एकदा हातात घेतली की विसरत नाहीत. तांबड्या अंगावर काळ्या रंगाच्या रेघोट्या, त्रिकोण, जाळी; भाजणी इतकी पक्की की खापर टिचकीने वाजते. कंगोरा असलेले वाडगे आणि तोटीची भांडी ही त्यांची ओळख. पहिल्या पावसानंतर माती धुपून असे खापर टेकाडाच्या उतारावर चमकते. तुमच्याकडेही पाहा, पण उचलू नका. का ते पुढे सांगतो.

पूर्व जोर्वे काळ, म्हणजे इ.स.पू. १४०० ते १०००, हा इनामगावचा भरभराटीचा काळ. चौकोनी घरे, कुडाच्या भिंती, शेणामातीने सारवलेली जमीन. पीक मुख्यतः जवाचे. जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. गाईबैल, शेळ्यामेंढ्या पाळलेल्या, हरणाची शिकार, नदीतले मासे. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. कुंभार, सोनार, चुना भाजणारे, हस्तिदंतावर काम करणारे अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला. कोण मध्यात आणि कोण कडेला, हे जमिनीनेच दाखवले. मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा एक मातीचा रांजण निघाला आणि त्यात बसवलेल्या स्थितीत एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा. इतर प्रौढांना पुरताना घोट्याखालून पाय तोडत असत. याचे पाय मात्र शाबूत होते. तो गावाचा प्रमुख असावा, असे उत्खनकांनी मानले, आणि मलाही ते पटते. लहान मुले दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. अशी मडकी उघडताना खड्ड्यात बोलणे आपोआप बंद होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता तुमच्या ‘तटा’कडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे.

इनामगावला पूर्व जोर्वे काळातला एक बांध सापडला. लांबी सुमारे २४० मीटर, रुंदी २.२ मीटर, दगडगोटे मातीच्या गाऱ्यात बसवलेले. त्याला समांतर खोदलेला एक चर सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३.५ मीटर खोल. काही पुस्तकांत यालाच तटबंदी आणि खंदक म्हटले आहे, आणि शाळेपासून स्पर्धा परीक्षेपर्यंत मुले तेच पाठ करतात. दुसरा अर्थ असा की पुराचे पाणी गावात शिरू नये म्हणून बांध, आणि ते वळवून शेताला द्यावे म्हणून पाट. माझा कल या दुसऱ्या अर्थाकडे आहे. हा मुलूख पर्जन्यछायेचा. जव आणि गहू ही रब्बीची पिके. गव्हाला तर इथे पाण्याची पाळी दिल्याशिवाय भागत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. जिथे गहू पिकतो तिथे पाणी कुठून तरी आणलेले असते.

पण कल म्हणजे पुरावा नव्हे. तट की बांध, खंदक की पाट, हे ठरते ते फक्त आडव्या छेदात. चर जिथे भरून गेला आहे तिथे तो आडवा कापायचा आणि कापलेली बाजू ओलसर करून वाचायची. वाहते पाणी गेले असेल तर तळाशी वाळू बसते आणि तिच्यावर बारीक गाळाचे कागदासारखे पापुद्रे. पाण्यातले छोटे शंख मिळतात. तळाला एकाच दिशेने सलग उतार असतो. कोरडा खंदक असेल तर कडांवरून ढासळलेल्या मातीचे त्रिकोणी ढीग दोन्ही बाजूंना दिसतात आणि मध्ये गावाचा कचरा, राख, हाडे. दोन्हीही असू शकते: एका पिढीने पाट म्हणून खणला, चौथ्या पिढीने उकिरडा म्हणून भरला. ही सगळी गोष्ट चार-पाच बोटे जाडीच्या थरांत लिहिलेली असते. पोकलेनचा एक फावडा त्यातली शंभर वर्षे एका झटक्यात उचलतो.

त्या चराचा आणखी एक हिशेब मी विद्यार्थ्यांना नेहमी करायला लावतो. २०० गुणिले ४ गुणिले ३.५. कडा सरळ धरल्या तर २,८०० घनमीटर माती निघते. एका ट्रॉलीत तीन घनमीटर धरली तरी नऊशेहून अधिक खेपा. आणि हे लोखंडाशिवाय, लाकडी खणत्या, दगडी हत्यारे आणि पाट्यांनी. एका कुटुंबाचे हे काम नाही. कोणीतरी ठरवले, कोणीतरी माणसे बोलावली, त्यांच्या पोटाला घातले. पाच खोल्यांचे घर, शेजारचे कोठार आणि हा चर यांना एकमेकांशिवाय अर्थ नाही. म्हणून मातीचा उंचवटा आणि सखल पट्टा हे मला कुठल्याही दागिन्यापेक्षा मोलाचे वाटतात. एका गावाने मिळून केलेले ते काम आहे.

खराखुरा तट कसा असतो हे पाहायचे तर श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद. प्रवराकाठची ही वस्ती सुमारे वीस हेक्टर पसरलेली, जोर्वे काळातली सगळ्यांत मोठी. तिथे जोर्वे थरात मातीचा तट आणि त्याला बुरूज मिळाले. तिथे तटबंदी म्हणायला मला संकोच वाटत नाही.

दायमाबादचे नाव मात्र दुसऱ्याच कारणाने गाजले. १९७४ मध्ये तिथे एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना चार धातुशिल्पे सापडली. बैलजोडीचा रथ आणि त्यावर उभा सारथी, रेडा, हत्ती, गेंडा. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोच्या वर. भारतीय प्राचीन धातुकामातले हे अव्वल नमुने. आणि तरीही आज पन्नास वर्षे त्यांच्या काळावर वाद आहे. उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, असे अनेकांचे मत. धातूतल्या सोमलाच्या (आर्सेनिकच्या) प्रमाणावरून काहींनी त्यावर शंका घेतली. वाद मिटत नाही याचे कारण एकच: ती शिल्पे थरातून, नोंद होत निघालेली नाहीत. त्यांच्या खाली काय होते, वर काय होते, बाजूला कुठले खापर होते, हे कायमचे गेले. सापडवणाऱ्याचा यात काही दोष नाही. पण एवढी अप्रतिम वस्तूसुद्धा तिच्याभोवतीची माती गेली की मुकी होते.

याच्या उलट इनामगावची एक साधी, कच्च्या मातीची मूर्ती. घराच्या जमिनीखाली पुरलेल्या मातीच्या डबीबरोबर शीर नसलेली एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल निघाला. स्त्रीच्या पोटाला छिद्र, बैलाच्या पाठीवर छिद्र. काडी घालून पाहिली तर ती बैलावर नेमकी बसते. बाजारात तिला कोणी चार आणे दिले नसते. पण ती जिथे ठेवली होती तिथेच मिळाल्यामुळे एका कुटुंबाने कुठली तरी पूजा करून ती जमिनीखाली ठेवली, एवढे आपण आज सांगू शकतो.

म्हणून ‘वर काहीच नाही, मग जपायचे काय’ याचे माझे उत्तर: मातीची मांडणी. तीच संरक्षित आहे.

आता कायद्याचे. केंद्र सरकारच्या संरक्षणातल्या स्थळांना १९५८ चा कायदा लागू होतो, राज्याच्या स्थळांना महाराष्ट्राचा १९६० चा. तुमच्या फलकावर कोणत्या कायद्याचे नाव आहे ते आधी पाहा. परवानगी कोणाकडे मागायची ते त्यावर ठरते. स्थळ संरक्षित झाले म्हणजे जमीन सरकारजमा झाली, असे नाही. मालकी तुमची राहू शकते, बंधने मात्र येतात. केंद्रीय कायद्यात संरक्षित क्षेत्रात बांधकाम, खाणकाम, खोदकाम यांना परवानगीशिवाय मनाई आहे, पण शेतीला सूट आहे: मशागत पृष्ठभागापासून एक फुटापेक्षा खोल जाता कामा नये. ही तरतूद फार कमी शेतकऱ्यांना कोणी समजावून सांगते, आणि त्यामुळे उगीच भीती आणि कटुता वाढते. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. घर, गोठा, विहीर यांचा बेत असेल तर आधी मोजणी करून घ्या, सातबाऱ्यातल्या इतर हक्कांत नोंद आहे का ते पाहा आणि लेखी विचारा. तोंडी ‘चालतंय की’ वर विसंबू नका.

कायदा बाजूला ठेवून, पांढरीचे हित कशात आहे ते सांगतो. सगळ्यांत चांगले गवत राखणे. ते जमत नसेल तर उथळ मुळांची पिके. एक फुटाची मुभा असली तरी दरवर्षी फूटभर नांगरट करू नका. टेकाडावर माती वाहून जाते, म्हणजे नांगर दर वर्षी नव्या फुटात उतरतो. कुळवणी पुरते. बांधाच्या उंचवट्यावर आडवा नांगर घातला की तो प्रत्येक पाळीत थोडा पसरतो आणि माती शेजारच्या सखल पट्ट्यात जाते. वीस वर्षांत दोन्ही सपाट. ऊस मुळीच नको. भरपूर पाणी खाली मुरते, थर फुगतात, हाडे कुजतात, जळके दाणे फुटतात. त्या जळक्या दाण्यांवरूनच जव आणि गहू कळतो. माती पाण्यात घोळवली की ते वर तरंगतात. झाडेही नकोत, अगदी चांगल्या हेतूने लावलेलीसुद्धा. वडा-पिंपळाची मुळे भिंतींच्या रेषांतूनच वाट काढतात. ठिबकची मुख्य नळी पुरायची असेल तर टेकाड टाळून न्या.

आणि पांढरी माती उचलणे पूर्ण थांबवा. पूर्वी गढ्यांच्या भिंतींसाठी आणि धाब्याच्या छतांवर टाकायला ती बैलगाडीतून नेत, खत म्हणूनही शेतात पसरत. ती खरोखर कसदार असते, म्हणून मोह होतो. पण बैलगाडीचा काळ गेला. एका ठिकाणी आम्ही पाहणी करून परतलो आणि पुढच्या हंगामात गेलो तर जवळजवळ अर्धे टेकाड यंत्राने उचललेले. कापलेल्या उभ्या भिंतीत मुलाच्या दफनाची दोन मडकी अर्धी लोंबकळत होती. उरलेली अर्धी कोणाच्या तरी उसात गेली असणार. त्या दिवशी काम झाले नाही.

गुप्तधनाविषयी तुम्ही विचारले नाही, पण रात्री टेकाडावर खड्डे पडत असतील तर हे गावात मोकळेपणाने सांगा. या काळात नाणी नव्हतीच. मोहरांचा हंडा असण्याचा प्रश्नच येत नाही. मिळाले तर मणी, खापर आणि हाडे मिळतील. शिवाय जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, असा १८७८ पासूनचा निखात निधीचा कायदा आहे.

नांगरताना काही वर आलेच तर तिथेच थांबा. जागेवर असतानाच फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळतो. धुऊ नका, चिकटवू नका. तहसीलदार आणि पुरातत्त्व कार्यालय दोघांनाही लेखी कळवा, पोच घ्या. हाडे दिसली तर पोरांना लांब ठेवा आणि वरून माती लोटून ठेवा. मुलांनी आधीच खापरे गोळा केली असतील तर रागावू नका. कुठली खापरे टेकाडाच्या कुठल्या अंगाची, हे त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या. आठवण ताजी आहे तोवर तीही नोंदच आहे.

राहिला तुमच्या बांधाचा आणि सखल पट्ट्याचा प्रश्न. लांबून निदान करणे मला जमणार नाही, पण तुम्ही न खणता बरेच पाहू शकता. रब्बीचे पीक निघाल्यावर, सूर्य उगवल्यापासून अर्ध्या तासाच्या आत टेकाडावर जा. तिरप्या उन्हात वीतभर उंचीसुद्धा सावली टाकते. पीक उभे असताना उन्हाच्या ताणात पाहा. भरून गेलेल्या चरावर ओल टिकते, म्हणून तिथले पीक उशिरापर्यंत हिरवे राहते. दगडगोट्यांच्या बांधावरचे आधी पिवळे पडते. ती हिरवी रेघ कुठून कुठे जाते ते कागदावर काढा, पावलांनी मोजून. ती टेकाडाला वळसा घालून परत स्वतःला मिळते, की एका टोकाने नदीकडे आणि दुसऱ्या टोकाने काळीकडे निघून जाते, एवढे कळले तरी जुन्या माणसांचा ‘तट’ खरा की पाट, याचा पहिला अंदाज येईल. नदीच्या बाजूच्या टोकाचा फोटो नक्की काढा. पाट असेल तर त्याचे तोंड तिथेच असणार.